फॅशन स्टायलिस्ट ते आर्ट डिरेक्टर: मुंबईत हे काम कसं शिकावं

फॅशन स्टायलिस्ट कपडे शिवत नाहीत आणि बहुतेक वेळा विकतही घेत नाहीत. ते कपडे मागून आणतात, एका माणसाच्या अंगावर एका फोटोपुरते बसवतात आणि होते तसे परत पाठवतात. या तिन्हींपैकी मधलं काम सगळ्यांना दिसतं, म्हणून नवीन मुलंमुली तयारी त्याचीच करतात. माझं मत असं की आणणं आणि परत करणं ज्याला चोख जमतं, तोच या धंद्यात टिकतो. ब्रँड, डिझायनर, दुकानदार तुम्हाला पुढच्या वेळी कपडे देणार की नाही हे त्यावरच ठरतं, आणि कपडेच मिळाले नाहीत तर चांगल्या नजरेचं करायचं काय?

हा लेख मुख्यतः मुंबईबद्दल आहे, कारण मासिकं, जाहिरात, सिनेमा आणि ओटीटीचं बरंचसं काम तिथे चालतं. पण सुरुवातीच्या पायऱ्या पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बसूनही चढता येतात.

आधी दार निवडा

स्टायलिंग म्हणजे एकच काम नाही. मासिकांचं संपादकीय स्टायलिंग सर्वांत मोकळं. तिथे गोष्ट तुमची असते, नाव छापून येतं, मोबदला मात्र सहसा बेताचा. ‘फेमिना’ १९५९ पासून आहे, ‘एल’ची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आली, ‘व्होग इंडिया’ २००७ मध्ये. आज आपण ज्याला फॅशन स्टायलिस्ट म्हणतो, तो वेगळा व्यवसाय म्हणून आपल्याकडे मुख्यतः या मासिकांच्या आसऱ्याने वाढला. जाहिरातीत पैसा बरा मिळतो, पण प्रत्येक शर्टाला एजन्सी आणि क्लायंट दोघांची मंजुरी लागते. सेलिब्रिटी स्टायलिंगमध्ये प्रमोशन, पुरस्कार सोहळे, विमानतळ असं सगळं येतं. फोन कधीच बंद ठेवता येत नाही.

ई-कॉमर्सच्या कॅटलॉग शूटला, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या कपड्यांचे फोटो काढण्याच्या कामाला, कोणी फार भाव देत नाही, पण नवशिक्यासाठी मला ते सर्वांत उपयोगी वाटतं. एका दिवसात डझनांनी लुक निघतात. कुठला कपडा कुठे चिमटा लावला की बसतो, कुठली कॉलर कॅमेऱ्यात पडते, हे हातांना तिथे कळतं. काही महिने ते करा, मग मासिकाच्या किंवा जाहिरातीच्या स्टायलिस्टकडे असिस्टंट म्हणून जा.

सिनेमा आणि मालिकांचं वेशभूषेचं काम थोडं निराळं. तिथे पात्र आणि कंटिन्युइटी (एका प्रसंगातला कपडा पुढच्या शॉटमध्येही तसाच दिसणं) सांभाळायची असते, आणि युनिटमध्ये कपड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या ड्रेसदादांचा अनुभव तुमच्या पदवीपेक्षा वजनदार असतो. त्यांच्याशी नम्रतेने वागा. त्या क्षेत्रात संघटनेचं कार्ड लागतं का, कोणत्या कामासाठी लागतं, हे काम घेण्याआधी विचारा. या संघटनांचे नियम किती कडक होते याचं उदाहरण म्हणजे मेकअप. स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा ते दार उघडलं.

नजर तयार करा, आणि ती लिहून करा

सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार. त्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढू लागल्या. तिथून कपडे डिझाइन करण्याकडे, १९५६ च्या ‘सीआयडी’पासून सिनेमाकडे, आणि ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलोंसोबत ऑस्करपर्यंत. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांच्या वाटचालीतून उचलावी अशी गोष्ट म्हणजे आधी चित्र, मग कापड. कपडा अंगावर कसा पडतो हे हाताने काढून पाहिलेल्या माणसाला जेवढं कळतं, तेवढं मोबाइलवर हजार फोटो साठवून कळत नाही.

रोज एक फोटो घ्या आणि त्याबद्दल दहा ओळी मराठीत लिहा. प्रकाश कुठून येतोय? नजर आधी कुठे जाते? कपडा नवा दिसतो की वापरलेला? बाही दुमडली आहे ती का? मॉडेलच्या हातात काही आहे का, नसेल तर हात काय करताहेत? पहिले काही दिवस ‘छान’, ‘क्लासी’ असलेच शब्द सुचतील. ते बंद झाले की शिकणं सुरू झालं.

संदर्भ पाहताना फक्त पॅरिस आणि मिलानकडे डोळे लावू नका. चित्रकार रावबहादूर धुरंधरांनी वेगवेगळ्या जातीजमातींच्या स्त्रिया त्यांच्या नेसणीसकट रंगवल्या आहेत. पदर कुठून कुठे जातो, निऱ्या कशा खोचल्या आहेत, दागिना कुठल्या कपड्यावर आहे, सगळं त्यात आहे. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय इथे वही घेऊन जा. नऊवारीची ब्राह्मणी नेसण आणि कोळणीची नेसण यांतला फरक तुम्हाला घरातून ठाऊक असेल, तर तेही भांडवल आहे. मोठमोठ्या शूटवर चुकीची नेसलेली नऊवारी दिसते, तेव्हा तिथे सांगणारं कोणी नव्हतं हे लगेच कळतं.

कापडाचं ज्ञान बाजारात मिळतं. मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, दादरचं हिंदमाता, पुण्याचा लक्ष्मी रोड. प्रत्येक ठिकाणाहून लहान तुकडे आणून वहीत चिकटवा आणि शेजारी नाव, पन्हा, भाव, धुतल्यावर काय झालं ते लिहा. पॉपलिन, केंब्रिक, मलमल, क्रेप, जॉर्जेट, टसर. डोळे मिटून, हाताने ओळखता आलं पाहिजे.

शिक्षण

पदवी सक्तीची नाही, पण ओळखी आणि शिस्त तिथे मिळते. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचं मुंबई केंद्र खारघरला आहे. तिथल्या चार वर्षांच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीत फॅशन कम्युनिकेशन हा विभाग स्टायलिंग आणि आर्ट डिरेक्शनला सर्वांत जवळचा. आर्ट डिरेक्शनकडेच, म्हणजे कपड्यांपलीकडे फोटो, सेट आणि पान यांच्या एकूण मांडणीकडे ओढा असेल तर उपयोजित कला घ्या. टायपोग्राफी आणि पानाची मांडणी तिथे जशी पक्की होते तशी फॅशनच्या वर्गात होत नाही. महागड्या अल्प मुदतीच्या स्टायलिंग कोर्ससाठी कर्ज काढू नका. तेवढ्या काळात एखाद्या चांगल्या स्टायलिस्टकडे असिस्टंटशिप केलीत तर जास्त शिकाल.

असिस्टंटशिप मागायची कशी

ज्यांचं काम खरोखर पाहिलं आहे अशाच पाच-सहा स्टायलिस्टना ईमेल करा. मजकूर आठ-दहा ओळींचा. त्यांचं कुठलं काम आवडलं आणि त्यात नेमकं काय, तुम्ही कुठे राहता, कुठल्या तारखेपासून मोकळे आहात, दुचाकी चालवता का, मराठी-हिंदी-गुजरातीपैकी काय येतं. शेवटच्या दोन गोष्टी हसण्यावारी नेऊ नका. भुलेश्वरच्या लेसवाल्याशी आणि धारावीच्या चामड्याच्या कारागिराशी त्यांच्या भाषेत बोलता येणारा असिस्टंट सगळ्यांना हवा असतो.

पहिल्या दिवशीच विचारा: दिवसाचे किती, प्रवासखर्च कोणाचा, जेवण कोणाचं, रात्री उशीर झाला तर घरी कसं सोडणार. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. फुकट काम करायला सांगितलं, तर किती दिवस आणि त्या बदल्यात काय शिकायला मिळणार हे ठरवून घ्या. घरून पैसे येणाऱ्यांनाच या व्यवसायात शिरता यावं, ही आपल्या क्षेत्राची जुनी खोड आहे आणि ती मोडायलाच हवी.

एक शूट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, एका मासिकासाठी सहा फोटोंची गोष्ट करायची आहे. विषय: पैठणी, पण लग्नातली नाही, कामाला जाणाऱ्या बाईची. जागा बॅलार्ड इस्टेट, रविवार सकाळ. जॉर्ज विटेटने आखलेल्या त्या दगडी इमारती, रिकामे रस्ते आणि त्यात येवल्याचा गडद हिरवा रेशमी पदर.

पहिलं काम मूडबोर्ड, म्हणजे गोष्ट कशी दिसावी ते सांगणाऱ्या संदर्भचित्रांचा तक्ता. त्यात पंधरापेक्षा जास्त चित्रं नकोत. प्रकाश, रंग, केस, देहबोली आणि कपडा यांसाठी वेगवेगळी चित्रं ठेवा आणि प्रत्येकाखाली लिहा की यातून नेमकं काय घ्यायचंय. नाहीतर फोटोग्राफर त्यातला प्रकाश उचलतो, मेकअपवाली ओठांचा रंग, आणि दोघांचं जुळत नाही. आपल्या गोष्टीत रंग तीनच ठेवू: बाटली हिरवा, जांभळा आणि पैठणीसोबत घालायच्या पुरुषी शर्टांचा पांढरा. दागिना एका फोटोत एकच, ठुशी किंवा नथ. दोन्ही एकत्र आले की बाई पुन्हा लग्नमंडपात जाते.

दुसरं, मागणी. मासिकाच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून सोर्सिंग लेटर, म्हणजे कपडे मागणारं पत्र जातं. त्यात शूटची तारीख, विषय, फोटोग्राफर, मॉडेल किंवा कलाकार, कपडे कधी उचलणार आणि कधी परत देणार, आणि क्रेडिट कसं जाणार हे सगळं असतं. मोठ्या ब्रँडचं काम पीआर (प्रसिद्धीची) एजन्सी पाहते. त्यांच्याकडे एकच सॅम्पल फिरत असतं, त्यामुळे पर्याय दोन द्या. लहान दुकानदाराकडून जांगड, म्हणजे विकत न घेता परतीच्या बोलीवर घ्यायचं असेल तर कागद करूनच घ्या: वस्तू, किंमत, अवस्था, परतीची तारीख, दोघांच्या सह्या. काही जण दुकानातून विकत घेतात, टॅग लपवून वापरतात आणि ‘आवडलं नाही’ म्हणून परत करतात. ही फसवणूक आहे, आणि दुकानदार चेहरे विसरत नाहीत.

कपडा हातात आला की दारातच फोटो काढा. पुढून, मागून, आधीच असलेला डाग किंवा निघालेला धागा जवळून. कपड्यांसोबतच्या चलनावर (देवघेवीच्या पावतीवर) तशी नोंद करा. परत करताना वाद झाला तर हाच फोटो उपयोगी पडतो. खऱ्या सोन्या-हिऱ्यांचे दागिने आले तर सोबत बहुधा ब्रँडचा सुरक्षारक्षक येतो. दागिना घालण्यापूर्वी आणि काढल्यावर त्याच्यासमोर मोजून द्या.

तिसरं, फिटिंग. मॉडेलची मापं कागदावर आलेली असली तरी प्रत्यक्ष घालून पाहा. सॅम्पल एकाच लहान मापाचे असतात आणि माणसं निरनिराळ्या मापांची. शर्ट मोठा झाला तर मागे क्लिप लागतात, पण मग तो फोटो पाठमोरा काढता येत नाही, हे फोटोग्राफरला आधी सांगा. अंगावर कपडा बसत नसेल तर कपडा चुकला, अंग नव्हे. फिटिंगच्या खोलीत मॉडेलच्या शरीरावर शेरा मारायचा नाही, हा नियम टीमलाही सांगून ठेवा. प्रत्येक लुकचा मोबाइलवर फोटो काढून भिंतीवर क्रमाने लावा. सहा फोटो एका रांगेत पाहिले की कुठले दोन सारखे झालेत ते लगेच दिसतं.

बारीक रेघा आणि बारीक चौकडी डिजिटल कॅमेऱ्यात थरथरल्यासारख्या दिसतात. कॅमेऱ्यावर एकदा तपासा. शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित मळका पांढरा शर्ट उन्हात बरा दिसतो, त्यात सुरकुतीचा तपशील राहतो. अस्सल हातमागाची पैठणी असेल तर पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. म्हणजे वाऱ्याने पदर उलटला तरी तो फोटो फुकट जात नाही, उलट तोच सर्वांत जिवंत निघू शकतो.

चौथं, शूटचा दिवस. बॅगेत काय असावं? स्टीमर, लहान इस्त्री, सेफ्टी पिना, मोठ्या क्लिपा, दुहेरी टेप, सुईदोरा, कपड्यावरचे धागे-केस टिपणारा लिंट रोलर, कात्री, त्वचेच्या रंगाचे आतले कपडे दोन-तीन मापांत, घाम शोषणारे पॅड, बुटांच्या तळव्यांना लावायला मास्किंग टेप, एक पातळ ओढणी, परकर, आणि खडू. ओढणी कशाला? कपडा डोक्यातून घालताना ती चेहऱ्यावर टाकली की लिपस्टिक आणि फाउंडेशन गळ्याला लागत नाही. मास्किंग टेपमुळे बूट नवेच राहतात. जरीवर थेट इस्त्री फिरवू नका, मधे सुती कापड घाला. मखमल उलट बाजूने वाफेवर धरा. टॅग कापायचे नाहीत, आत दुमडून टेपने चिकटवायचे.

फोटो चालू असताना स्टायलिस्टची जागा मॉनिटरपाशी. कॉलर, शिवण, ब्रेसियरचा पट्टा, घड्याळाची दिशा, निऱ्यांची टोकं, एवढंच पाहायचं. काही बिघडलं तर ‘थांबा’ म्हणा, फ्रेममध्ये जा, दुरुस्त करा, बाहेर या. संकोच केलात तर तोच फोटो निवडला जातो आणि ती वाकडी कॉलर छापून येते.

पाचवं, परती. त्याच रात्री यादीशी ताडून प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत. डाग पडला असेल तर लपवू नका. ब्रँडला आधी फोन करा, मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे ड्रायक्लीन. खर्च कोणी उचलायचा हे सोर्सिंगच्या वेळीच ठरलेलं असावं. परत दिल्यावर चलनावर सही घ्या आणि ते चलन जपून ठेवा.

पोर्टफोलिओ

टेस्ट शूट म्हणजे फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, मॉडेल आणि स्टायलिस्ट यांनी आपापल्या पोर्टफोलिओसाठी एकमेकांना दिलेला वेळ. महागडा कपडा नसला तरी चालतो. आजोबांची धोतरं, शाळेचा गणवेश, तुळशीबागेतल्या वस्तू यांतून पाहण्यासारखं काम होतं. तीन पूर्ण गोष्टी पुरतात: एक स्त्रीवेशाची, एक पुरुषवेशाची, एक नुसत्या वस्तूंची. चाळीस सुटे सुंदर फोटो दाखवणाऱ्यापेक्षा सहा फोटोंची एक गोष्ट धरून ठेवणारा जास्त लक्षात राहतो.

व्यावसायिक शूटचे फोटो स्वतःच्या पानावर टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साधारणपणे काढून घेणाऱ्याकडे असतो. तुमच्याकडेही नाही, फोटोग्राफरकडेही नाही.

पैशाचं

कोटेशनमध्ये तयारीचे दिवस, शूटचे दिवस आणि परतीचा दिवस वेगळे लिहा. असिस्टंट, टेम्पो, टेलर, ड्रायक्लीन हे खर्च फीमध्ये मिसळू नका. खरेदीसाठी आगाऊ रक्कम घ्या. स्वतःच्या क्रेडिट कार्डावर क्लायंटची खरेदी करू नका, पैसे महिनोन्‌महिने अडकतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, ती करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तरी कमाल ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा सांगतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब विभागाशी बोलणं सोपं जातं. बिलातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते पाहत राहा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. चित्रपट क्षेत्रातले ड्रेस डिझायनर आणि आर्ट डिरेक्टर प्राप्तिकराच्या ठरलेल्या व्यवसायांच्या यादीत येतात, त्यामुळे अनुमानित उत्पन्नाची (उलाढालीच्या ठरलेल्या भागालाच उत्पन्न मानण्याची) सोपी योजना तुम्हाला लागू होते का हे सीएला विचारा.

कपड्याकडून चौकटीकडे

काही वर्षं स्टायलिंग केल्यावर काहींना जाणवतं की आपलं लक्ष शर्टापेक्षा भिंतीच्या रंगाकडे, रिकाम्या जागेकडे, पानावर फोटो कुठे बसेल याकडे जास्त जातंय. ते आर्ट डिरेक्शनकडे निघालेले असतात. सिनेमात आर्ट डिरेक्टर सेट सांभाळतो, एजन्सीत कॉपीरायटरच्या जोडीने जाहिरातीची कल्पना रचतो, आणि फॅशनच्या शूटमध्ये कास्टिंग, जागा, प्रकाश, सेट, कपडे ते छापील पान असं सगळं एका सुरात ठेवतो.

अलेक्सी ब्रोडोविच १९३४ ते १९५८ ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकी फॅशन मासिकाचे आर्ट डिरेक्टर होते. ते पानांच्या प्रती जमिनीवर पसरून अंकाची लय पाहत. हे तुम्हीही करा. आपल्या पैठणीच्या सहा फोटोंची छोटी प्रिंट काढा आणि क्रम लावा. सुरुवातीला दोन पानांवर पसरलेलं दूरचं दृश्य, मग जवळचा चेहरा, मग नुसता हात आणि काठ. शेजारी-शेजारी पानांवरच्या दोन बायका एकमेकींकडे पाहताहेत की पाठ करून उभ्या आहेत? दोन पानांच्या मधल्या घडीत चेहरा जातोय का? मुखपृष्ठासाठी वर मासिकाच्या नावाला जागा सोडली आहे का? मोबाइलच्या उभ्या चौकटीत तोच फोटो कापला तर पदर उरतो का? हे प्रश्न शूटच्या आधी, जागेवर उभं राहून विचारायचे. नंतर उत्तरं बदलता येत नाहीत.

जागेच्या परवानग्याही आता तुमच्याकडे येतात. महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. संरक्षित किल्ले आणि लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावा लागतो, तिथे ऐनवेळी काही होत नाही.

आणि श्रेयनामावली तुम्हीच तपासा. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या. इथून आवाज उठल्यावरच कंपनीने ते मूळ मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन (वस्तूचं नाव तिच्या मूळ प्रदेशाशी जोडणारी कायदेशीर ओळख) आहे. तेव्हा आपल्या पानावर ‘एथनिक सिल्क साडी’ असं येऊ देऊ नका. येवल्याची पैठणी असं लिहा, विणकर किंवा संस्था माहीत असेल तर तिच्या परवानगीने नाव लिहा, नेसवणाऱ्या ताईंचं आणि असिस्टंटचंही लिहा, आणि प्रूफ छपाईला जाण्याआधी प्रत्येक नावाचं शुद्धलेखन त्या-त्या माणसाकडून तपासून घ्या.